पिकअपवर कॅम्पर ठेवला की गाडी मागून बसते, डुलते: तिसरा एक्सल लावायच्या आधी काय काय तपासायचं

मी कोलोराडोत डेन्वरजवळ राहतो आणि गेल्या ११ वर्षांत ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या वीसेक गाड्यांचं हे एकच दुखणं बघितलंय. पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर घेतला, पहिल्याच ट्रिपला युटातल्या मोआबला निघाले, वाटेत डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढउतारावर गाडी अशी काही डुलली की घरी आल्यावर प्रश्न एकच, "मागे अजून एक एक्सल टाकून घेऊ का?" या वीसेक गाड्यांपैकी खरोखर एक्सल लागला तो एकीला. बाकीच्यांचं काम टायरची हवा, पट्टे, सामान, पाटे (लीफ स्प्रिंग) यातच मिटलं, किंवा मग सरळ गाडीच बदलावी लागली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा ट्रेलर नाही, मागे ओढायचा नाही. पलंग, ओटा, फ्रीज, संडास, पाण्याची टाकी असलेली अख्खी खोली पिकअपच्या हौद्यात उतरवायची आणि साखळ्यांनी आवळून न्यायची. म्हणजे सगळं वजन गाडीच्याच पाठीवर, त्यातलं बहुतेक मागच्या दोन चाकांवर, आणि खोली उंच असल्यामुळे वारा लागला की जोर वरच्या टोकाला बसतो.

आधी लक्षणं नीट बघा, कारण "डुलते" या एका शब्दात चार वेगळे आजार असतात

मागून बसणं: सपाट जागेवर गाडी उभी केली तरी नाक वर, शेपूट खाली, रात्री समोरचे लोक डिपर मारतात कारण आपले हेडलाइट त्यांच्या डोळ्यात.

डाव्या-उजव्या बाजूला झोके: पेट्रोल पंपात तिरकं शिरताना एक चाक चढलं की खोली एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि दोन-तीन झोके खाऊनच थांबते. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी ढकलल्यासारखं आणि मग ओढल्यासारखं होतं. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स पट्ट्यात ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे-मागे हुंदके: काँक्रीटच्या रस्त्याच्या सांध्यांवर गाडी घोड्यासारखी उड्या घेते.

स्टिअरिंग हलकं लागणं: हे सगळ्यात वाईट. हातात काहीच नसल्यासारखं वाटतं, वळणावर गाडी सरळ जाऊ बघते. म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन उचललं गेलंय.

आणि शेवटची दोन, यांत मात्र गाडी पुढे न्यायचीच नाही. टायरच्या बाजूला फुगा किंवा चीर, किंवा थांबल्यावर चाकाजवळून जळका वास आणि एक चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम. तिथेच थांबा, टो बोलवा, खालचं सगळं नंतर वाचा.

हवा आणि टायर (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

इथूनच सुरुवात करा, कारण निम्मे झोके इथेच जातात. शोरूममधून गाडी येते तेव्हा मागच्या टायरची हवा कधीकधी रिकाम्या गाडीला आरामदायक वाटेल अशी ६०-६५ पीएसआय ठेवलेली असते आणि लोक तीच ठेवतात. लोड रेंज ई (टायर किती वजन झेलतो त्याची श्रेणी) च्या टायरवर जे जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं ते ८० पीएसआयला लिहिलेलं असतं. हवा कमी म्हणजे टायर तेवढं वजन उचलतच नाही, वर त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडली की तापते, आणि तापलेला टायर फाटतो. जड कॅम्पर असेल तर मागे टायरवर आणि रिमवर चालत असेल तेवढी पूर्ण हवा, पुढे दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे. सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरला. चालवून आल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून कमी करू नका, ती तशीच वाढते.

मग टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन घेतो त्याचा कोड, वाचा. साइझच्या पुढे १२५/१२२ असा आकडा असेल तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी (एका बाजूला दोन चाकं). १२५ म्हणजे ३,६४० पौंड, १२१ म्हणजे ३,१९५ पौंड. मागे दोनच चाकं असतील तर दुप्पट करा, ती त्या एक्सलवरच्या टायरची हद्द. १२१ चे टायर असतील तर ६,३९० पौंड, आणि मी असे लोक बघितलेत जे ७,५०० घेऊन निघाले होते आणि म्हणत होते की गाडी "एक टनी" आहे त्यामुळे काही होत नाही. त्या नावाचा आज वजनाशी काही संबंध उरलेला नाही, नाव जुनं आहे एवढंच.

टायरचं वयसुद्धा बघा. डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. कॅम्परवाली गाडी वर्षातून दोन महिने चालते आणि दहा महिने उन्हात उभी असते, नक्षी नवीकोरी दिसते पण रबर आतून कडक झालेलं असतं. सहा-सात वर्षांच्या पुढचे टायर मी जड कॅम्परखाली ठेवत नाही.

साखळ्या, पट्टे आणि खालचं रबर (खर्च शून्य ते शंभर डॉलर)

कॅम्पर हौद्यात सरकत असेल तर गाडी कितीही भक्कम असली तरी डुलणारच, कारण गाडी वळते एकदा आणि खोली वळते अर्ध्या सेकंदाने. तपासायची पद्धत सोपी आहे, एकाने कॅम्परच्या मागच्या कोपऱ्याला हाताने जोरात झोके द्यायचे आणि दुसऱ्याने बाजूला बसून बघायचं की हौदा आणि कॅम्पर एकत्र हलतायत की वेगवेगळे. वेगवेगळे हलले तर टर्नबकल (साखळी आवळायचे स्क्रू) ढिले आहेत.

आवळताना एक लक्षात ठेवा, हौद्याच्या पत्र्याला हुक लावलेले असतील तर जोर लावून आवळलं की पत्राच वाकतो, आणि हल्लीच्या बऱ्याच पिकअपचा हौदा ॲल्युमिनियमचा असतो. फोर्डच्या सुपर ड्युटीत तर २०१७ पासून तोच आहे. म्हणून हुक चॅसीला बसणारे हवेत, त्याला खर्च आहे पण ती चैन समजू नका. हौद्यात प्लास्टिकचं लायनर असेल तर ते काढा आणि जाड रबरी मॅट टाका, प्लास्टिकवर कॅम्पर बर्फावर ठेवल्यासारखा घसरतो.

आणि कॅम्पर पूर्ण पुढे टेकलाय का ते बघा. मागच्या वर्षी एका गाडीत तो हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून चार इंच मागे राहिला होता, चढवताना घाई झालेली. चार इंच ऐकायला काहीच नाही, पण तीन-साडेतीन हजार पौंडांची खोली चार इंच मागे गेली की तिचा भार पुढच्या चाकांवरून उठून मागे जातो. कॅम्परच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा बाणाचं स्टिकर असतं, तो त्याचा गुरुत्वमध्य. अमेरिकेत कॅम्पर बनवणाऱ्याने वजन आणि गुरुत्वमध्य सांगायचा आणि ट्रक बनवणाऱ्याने तो कुठे पडला पाहिजे हे सांगायचं असा नियम आहे. तो बाण मागच्या चाकाच्या मध्याच्या पुढे पडला पाहिजे. मागे पडत असेल तर हा कॅम्पर या हौद्यासाठी नाही, आणि पुढचं काहीही करून उपयोग नाही.

काट्यावर घाला (पंधरा डॉलरच्या आसपास)

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं, मामाचं पाट्यांचं दुकान होतं आणि हंगामात उसाच्या गाड्या रांगेने यायच्या. कारखान्याच्या काट्याची चिठ्ठी बघितल्याशिवाय मामा पाटा वाढवायचा नाही. गाडीवाला म्हणायचा एवढंच भरतो, चिठ्ठी वेगळंच सांगायची. इथेही मला तेच दिसतं. लोक कॅम्परच्या ब्रोशरवरचं कोरडं वजन धरतात आणि त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, जादा बॅटरी नसते, एसी, छत्री, सोलर असल्या वरून घेतलेल्या वस्तू बऱ्याचदा नसतात, आणि माणसं, कुत्रा, कपडे, तांदळाची पिशवी तर नसतेच.

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, असतो. त्याचे तुकडे वेगवेगळे असतात, पुढची चाकं पहिल्या तुकड्यावर, मागची दुसऱ्या तुकड्यावर अशी गाडी उभी करायची, मग चिठ्ठीवर पुढचं, मागचं आणि एकूण असे आकडे वेगळे मिळतात. हे वेगळे मिळणंच महत्त्वाचं, नुसत्या एकूण आकड्यावरून कुठलं चाक मरतंय ते कळत नाही. ट्रिपला जाताना जसे जाता तसेच जा, टाक्या भरलेल्या, सगळी माणसं आत.

मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर स्टिकर असतं. त्यावर गाडीची एकूण मर्यादा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या एक्सलची वेगळी मर्यादा म्हणजे जीएडब्ल्यूआर. चिठ्ठी आणि स्टिकर शेजारी ठेवा.

एक खरी चिठ्ठी सांगतो. मागे एकेरी चाकं, लांब हौदा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) १७६ इंच. स्टिकरवर एकूण ११,५०० आणि मागचा एक्सल ७,०००. काट्यावर पुढे ४,८२०, मागे ७,६४०, एकूण १२,४६०. टायर १२५ चे, म्हणजे मागची टायरची हद्द ७,२८०. तिन्ही ठिकाणी बाहेर. मालक टॅग एक्सलचं, म्हणजे मागे जोडायच्या तिसऱ्या एक्सलचं, कोटेशन घेऊनच आलेला.

आम्ही आधी मागच्या हिचवरचा (ट्रेलर जोडायच्या जागेवरचा) सायकलचा रॅक बघितला. दोन इलेक्ट्रिक सायकली आणि रॅक मिळून २०० पौंड, मागच्या एक्सलपासून ८८ इंच मागे लटकलेले. ८८ म्हणजे व्हीलबेसच्या निम्मे, तर हे २०० पौंड मागच्या एक्सलला ३०० लागतात आणि पुढचं टोक १०० पौंडांनी वर उचलतात. हातातली पकड (प्लायर) असते ना, टोकाला थोडासा जोर दिला की मधल्या खिळ्यावर जास्त येतो, तसंच. एक्सलच्या मागे लटकलेली प्रत्येक वस्तू तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त बसते, आणि स्टिअरिंग हलकं लागायचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

मग पाणी. ४० गॅलनची टाकी घरूनच भरून निघायची सवय, गॅलनला ८.३४ पौंड म्हणजे ३३४ पौंड. मोआबला पाणी मिळतं, सहा तास ते डोंगरावरून वाहून न्यायची गरज नाही. या दोन गोष्टी काढल्यावर पुढे ४,९०६, मागे ७,०२०, एकूण ११,९२६. मागचे टायर हद्दीत आले, एक्सल अगदी काठावर आला, पण एकूण अजून सव्वाचारशेने जास्त. मग हत्यारांची लोखंडी पेटी, जादा बॅटरी, बिडाचे तवे, पाण्याचे कॅन, घडीच्या जड खुर्च्या असं करत अजून ४५० पौंड घरी राहिलं. एकूण ११,४७६. त्यांनी सायकली तिकडे भाड्याने घेतल्या. एक्सलच्या कोटेशनचे पैसे वाचले हा भाग आहेच, पण मला जास्त बरं वाटलं ते त्यांच्या बायकोने परत आल्यावर सांगितलं की या वेळी मुलं मागच्या सीटवर झोपली होती, तेव्हा.

एक ठळक सांगतो, गाडी मागून बसली म्हणजे वजन जास्त झालं असं नाही, आणि नाही बसली म्हणजे वजन बरोबर आहे असंही नाही. पाटे कडक असले की हद्दीच्या बाहेरची गाडीसुद्धा ऐटीत सरळ उभी राहते. म्हणून डोळ्यावर नाही, काट्यावर जा.

गाडीखाली शिरा (खर्च शून्य, पण जपून)

कॅम्परचे चार जॅक हे कॅम्पर उचलण्यासाठी असतात, त्यांच्यावर ट्रक उचलून खाली शिरायचं नाही, कधीच नाही. शक्यतो कॅम्पर उतरवा, गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट (अडवायचे ठोकळे).

टॉर्च घेऊन पाटे बघा, एखादा तडकला असेल तर आडवी गंजाची रेघ दिसते. मधला बोल्ट तुटला असेल तर पाटे एकमेकांवरून सरकलेले दिसतात आणि एक्सल एका बाजूला तिरका झालेला असतो. यू-बोल्टचे नट ढिले असतील तर तिथली धूळ घासलेली, चकचकीत असते. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश फाटलेत का, शॉकॲब्झॉर्बरमधून तेल गळतंय का. यातलं एखादं जरी निघालं तरी वर काहीही लावण्याआधी ते दुरुस्त करा, आजारी पाट्यावर नवीन सामान चढवून गाडी सुधारत नाही. पाटा तुटलेला असेल तर तो बदलणं हे घरचं काम नाही, पाट्यांच्या कार्यशाळेत द्या, आणि एका बाजूचा तुटला तर दोन्ही बाजूंचा सेट बदला.

वजन हद्दीत आहे तरी डुलते: मग पैसे खर्च करायला हरकत नाही

झोके डावे-उजवे असतील तर पहिला खर्च मी ओव्हरलोड पाट्यांवर करतो. बऱ्याच पिकअपच्या मागच्या पाट्यांवर किंवा खाली एक जाड जादा पाटा असतो जो वजन बरंच वाढल्याशिवाय टेकतच नाही, तोपर्यंत गाडी मधल्या मऊ पाट्यांवर झुलत राहते. तो आधीपासूनच टेकलेला ठेवायला जाड रबरी ठोकळे किंवा टॉर्कलिफ्टचे स्टेबललोड मिळतात, काहींमध्ये रिकाम्या गाडीला बाजूला फिरवून ठेवायची सोय असते. ज्याला हत्याराची सवय आहे तो दुपारभरात घरी बसवतो.

त्यानंतर मागचा जाड स्वे बार. बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून मागे बारीक असतो किंवा नसतोच. हा वजन उचलत नाही, तो एका बाजूचं झुकणं दुसऱ्या बाजूच्या चाकाला धरायला लावतो, उंच कॅम्परला याचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवलाय. हुंदके पुढे-मागे असतील तर मात्र स्वे बार काही करणार नाही, तिथे शॉकॲब्झॉर्बर, आणि कमीजास्त कडक करता येणारे घेतलेले बरे.

हवेच्या पिशव्या सगळे लोक पहिल्यांदा लावतात, मी शेवटी लावतो. त्या शेपूट उचलतात, हेडलाइट खाली येतात, डावी-उजवी बाजू समान करता येते, इथपर्यंत छान. पण पिशवीच्या खोक्यावर लिहिलेलं "५,००० पौंड" म्हणजे तुमच्या एक्सलची ताकद ५,००० ने वाढली असं नाही, एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक जिथे होते तिथेच आहेत. खूप हवा भरली तर पाट्यांवरचं वजन उठतं आणि चॅसीच्या एका छोट्या जागेवर येतं. आणि दोन्ही पिशव्या एकाच नळीने जोडल्या असतील तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते, म्हणजे नेमकी ज्या बाजूला आधार हवा ती बाजू बसते. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह. हे एवढं बदलून दोन गाड्यांचे झोके निम्म्यावर आलेले मी बघितलेत.

टायरच कमी पडत असतील आणि एक्सलची मर्यादा शिल्लक असेल तर १९.५ इंची चाकं हा एक मार्ग, २२५/७०आर१९.५ मध्ये लोड रेंज जी चा टायर ११० पीएसआयला ३,९७० पौंड घेतो. महाग आहेत, रिकाम्या गाडीला कडक लागतात, आणि स्टिकरवरचा आकडा त्यांनी वाढत नाही, फक्त टायर हा कच्चा दुवा राहत नाही. चाक बसवल्यावर नट ५० ते १०० मैलांनी परत टॉर्क रेंचने बघायचे, हे विसरू नका.

आता तिसरा एक्सल

इथपर्यंत सगळं केलं आणि काट्यावर मागचा एक्सल अजूनही बाहेर आहे, तर मग टॅग एक्सलचा विचार. आपल्याकडे पुणे-बेंगलोर हायवेवर रिकामे ट्रक एक एक्सल हवेत उचलून पळतात, तसाच प्रकार, फक्त पिकअपला तो मागच्या ड्राइव्ह एक्सलच्याही मागे बसतो, त्याला इंजिनाची ताकद जात नाही, हवेच्या पिशव्यांनी किंवा पाट्यांनी तो जमिनीवर दाबला जातो.

तो काय करतो ते आकड्यांत बघा, कारण विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत. तोच १७६ इंची व्हीलबेस, टॅग ४४ इंच मागे, आणि तो २,००० पौंड उचलतोय. ड्राइव्ह एक्सलवरून २,००० नाही, २,५०० पौंड उतरतात, आणि पुढच्या एक्सलवर ५०० वाढतात. स्टिअरिंग हलकं लागत होतं त्याला हे औषध आहे. पण पुढच्या एक्सलची मर्यादा आधीच भरत आली असेल, वर डिझेल इंजिन आणि फोर बाय फोर असेल, तर तुम्ही मागचा प्रश्न पुढे नेऊन ठेवला. आणि ओढणाऱ्या चाकांवरचं वजन गेलं की पकडही गेली. ओल्या गवतात, बर्फात, रस्त्यावरून खोलगट उतार उतरून अंगणात शिरताना पुढची चाकं आणि टॅगची चाकं टेकलेली आणि मधली हलकी, अशी गाडी जागेवर चाक फिरवत राहते. ज्या एका गाडीला आम्ही लावला तिला म्हणूनच ड्रायव्हरच्या हाताशी हवा सोडायचं बटण घेतलं, चिखल आला की टॅगमधली हवा कमी करायची, आणि ती फक्त कमी वेगात.

अजून काही गोष्टी. आखूड वळणावर टॅगचे टायर आडवे घासतात आणि गाडीचं नाक सरळ ढकलतात, त्यामुळे टायर लवकर संपतात. एक्सलच्या मागे जिथे तो बसणार तिथे स्टेपनी, सायलेन्सरचा पाइप, हिच, कधी डिझेलची टाकी असते, हे सगळं हलवावं लागतं. डेन्वरजवळच्या ई-४७० सारख्या टोल रस्त्यांवर टोल एक्सलच्या संख्येवर असतो, तो वाढतो. टॅगला स्वतःचे ब्रेक हवेतच, त्याशिवाय तुम्ही डोंगर उतरताना वाढीव वजन जुन्याच ब्रेकवर टाकताय. आणि मुख्य, एक्सल लावला म्हणून दरवाजावरचं स्टिकर बदलत नाही. काट्यावर तिन्ही एक्सल हद्दीत आले तरी गाडीची कंपनीने दिलेली एकूण मर्यादा तीच राहते, कारण चॅसी, स्टिअरिंग, मूळ ब्रेक, गिअरबॉक्स तेच आहेत. विमा कंपनीला कामाच्या आधी लेखी विचारा.

१९७३ च्या सुमारास अमेरिकेत कॅम्परचं वेड जोरात होतं तेव्हा ट्रक बनवणाऱ्यांसमोर हाच प्रश्न होता. फोर्डने एफ-३५० च्या सुपर कॅम्पर स्पेशलला व्हीलबेस वाढवून १४० इंच केला, म्हणजे मागची चाकं मागे नेऊन खोलीचं वजन दोन्ही एक्सलच्या मध्ये घेतलं, आणि स्टेपनी हौद्याच्या बाजूच्या पत्र्यात बसवली. जनरल मोटर्सने त्याच वर्षी मागे जोडचाकं असलेली पिकअप आणली. म्हणजे एकाने वजनाची जागा बदलली आणि दुसऱ्याने त्याच एक्सलवर चाकं वाढवली. आजही जड, दोन-तीन स्लाइडवाल्या (बाहेर सरकणाऱ्या भिंतींच्या) कॅम्परला माझं पहिलं उत्तर जोडचाकांची गाडी हेच असतं. ११७ इंडेक्सच्या जोडटायरमध्ये एक टायर २,८३५ घेतो, चार मिळून ११,३४०, आणि चाकांचा पसारा रुंद झाल्यामुळे झोकेही कमी होतात. जुनी गाडी विकून अशी सेकंडहँड घेतली तर कितीतरी वेळा टॅग एक्सलच्या सगळ्या खर्चाच्या आसपासच फरक पडतो, आणि सगळं कंपनीच्या स्टिकरच्या आत. सामान हीच अडचण असेल तर छोटा ट्रेलर मागे ओढणं हाही मार्ग आहे, मात्र त्याच्या पुढच्या दांडीचं (जिभेचं) वजन हिचवर येतं ते परत काट्यावर मोजायचं.

इथे हात थांबवा आणि जाणकाराकडे जा

चॅसीला भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं म्हटलं की घरचं काम संपलं. हल्लीच्या चॅसीचं पोलाद उष्णतेने कमजोर होऊ शकतं, आणि वरच्या-खालच्या पट्टीला पाडलेलं भोक म्हणजे तडा जायला दिलेली जागा. मी स्वतः यू-बोल्ट, शॉक, स्वे बार सगळं करतो पण एक्सल बसवायचं काम मी करत नाही आणि शेजारच्या ट्रेलरवाल्याकडूनही करून घेऊ देत नाही. एका ओळखीच्या माणसाने ट्रेलरचा एक्सल घरी वेल्ड करून घेतला होता, दुसऱ्या ट्रिपला चॅसीला वेल्डच्या कडेने वीतभर तडा. कुणाला इजा झाली नाही, पण तो तडा बघितल्यावर मी बराच वेळ तिथून उठलो नव्हतो.

ब्रेकच्या नळ्या, एबीएसच्या वायरी, स्टिअरिंगचे जोड, चाकाचं बेअरिंग, तुटलेला पाटा, आणि टायरवरचा फुगा, यातल्या कशालाही घरी "तात्पुरतं" काही करायचं नाही.

कार्यशाळा निवडताना जड ट्रकचे एक्सल आणि सस्पेन्शन करणारी निवडा, सोबत काट्याची भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही चिठ्ठ्या, स्टिकरचा फोटो आणि कॅम्परच्या बाणाचं मागच्या चाकापासूनचं अंतर घेऊन जा. त्यांना विचारा, एक्सल लावल्यावर तिन्ही एक्सलवर किती किती वजन येईल ते कागदावर लिहून द्याल का, टॅगला ब्रेक कुठले आणि ते मूळ ब्रेकबरोबर कसे लागतील, एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं काय, हवा गेली तर गाडी कशी उभी राहील. कागदावर आकडे द्यायला तयार नसतील तर गाडी तिथे ठेवू नका. काम झाल्यावर ड्राइव्ह एक्सलच्या हबच्या मध्यापासून टॅगच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच परत द्या, नाहीतर गाडी तिरकी चालेल आणि टायर एका सिझनमध्ये जातील. मग तिथून सरळ घरी न येता आधी काट्यावर.

पहिल्या १०० मैलांनंतर थांबा, सगळे नट परत टॉर्क रेंचने बघा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने सहाही चाकांच्या हबचं तापमान घ्या. एकाच एक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक दिसला तर गरम चाकाचा ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग आवळलंय, आणि त्या दिवशी पुढचा घाट चढायचा नाही.